कोरी बरणी

१

मला किळस फार पटकन येते. दुधावर साय दिसली की पेला परत. एसटीत शेजारच्यानं नाकात बोट घातलं की मी उठून उभी, मग अलिबाग येईपर्यंत उभीच. दुसऱ्याच्या कंगव्यातला केस बघितला तरी मी जेवणावरून उठते. आई म्हणते, ही कुठल्या तरी राजाच्या घरी जायची होती, पत्ता चुकून आपल्याकडे आली.

त्यामुळे ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा आमचे मार्गदर्शक रत्नपाल सर हसत हसत म्हणाले, "रुचिका, तुम्ही किळसेवरच करा. साहित्य घरचंच आहे." वर्गात सगळे खिदळले. मी चिडले, पण विषय घेतला.

रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी मोठं खळं आहे. तिथं कोळणी बोंबील, जवळा, मांदेली वाळत घालतात. तो वास लांबून, मिनीडोअर रिक्षातूनच नाकात शिरतो. त्या बायका मात्र तिथंच बसून भाकरी खातात, लेकरांना पाजतात, दुपारी आडव्याही होतात. त्यांना वास येतच नाही, की येतो पण त्याची किळस वाटत नाही? सवय नाकाला होते की मनाला? एवढाच माझा प्रश्न. वीस बायका खळ्यावरच्या, वीस अलिबागच्या शिवणक्लासातल्या, आणि मार्चअखेर प्रबंध.

या प्रबंधावर माझं सगळं अडलेलं होतं. चांगला ग्रेड मिळाला तर मुंबईला एम. ए., हॉस्टेल, पुढे खरंखुरं काम. नाही मिळाला तर रेवसच्या रस्त्यावरचं आमचं घर, आणि बाबांनी आधीच हेरून ठेवलेलं एखादं डंपरवालं स्थळ. बाबांना मी मुंबईला जायला नकोच होते. आईनं त्यावरून त्यांच्याशी चार दिवस अबोला धरला होता. "माझी पोर शिकनार," म्हणाली, "तुमच्या खाऱ्या जमिनीत तिला पुरायची न्हाय मना." आई बोलली की घरात तेच होतं.

२

प्रयोग साधा होता. एकसारख्या पाच काचेच्या बरण्या, बाहेरून खाकी कागद, आत कापसाचा बोळा. पहिलीत खोबरेल, दुसरीत फिनेल, तिसरीत सुका जवळा, चौथी कोरी आणि पाचवीत आठ दिवस बंद करून ठेवलेला ओला बोंबील. बाईनं डोळे मिटून बरणी हुंगायची आणि किळस किती वाटली ते बोटांनी दाखवायचं. काहीच नाही तर मूठ. जीव नको होईल इतकी वाटली तर दहाही बोटं.

पाचवी बरणी भरताना मी दोनदा मोरीकडे पळाले. शेवटी आईनंच ती भरून दिली. सडका बोंबील तिनं उघड्या हातानं उचलला, नाकाला पदरसुद्धा न लावता. "एवढ्याशाला काय गो," म्हणाली आणि झाकण घट्ट लावलं.

कोरी बरणी सगळ्यात महत्त्वाची. स्वतःला कसलाही वास नसणं, एवढंच तिचं काम. बाकीच्या चारींची तुलना तिच्याशी करायची. पण बरण्या नव्या होत्या आणि झाकणाच्या रबराला उग्र वास होता. म्हणून मी ती गरम पाण्यानं धुतली, मेडिकलमधला कापूस आत घातला आणि आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन दिवस उघडी ठेवली. मग स्वतः नाक खुपसून बघितलं. रबर गेलं होतं. वास म्हणून काही नव्हता.

मी झाकण लावलं आणि वर चार आकडा लिहिला.

३

खळ्यावर पहिल्यांदा बसली रंगूआजी. वय सत्तरीच्या पुढे, तोंडात मिश्री, खळ्यावर तिचा शब्द शेवटचा. नुसत्या वासावरून बोंबील कुठल्या दिवशीचा ते ती सांगते, असं सगळ्याजणी म्हणत होत्या.

खोबरेलाला मूठ. फिनेलला दोन बोटं. जवळ्याला मूठ, वर "हा भारी हाय गो" अशी शाबासकी. मी क्रम उलटसुलट करत होते, म्हणून पाचवी आधी दिली. तिचं झाकण उघडल्यावर मीच तोंड फिरवलं. आजीनं शांतपणे हुंगली आणि एक बोट दाखवलं. "खताचा हाय. माडाला घाल."

मग चौथी.

तिनं बरणी नाकाजवळ नेली आणि तिचे मिटलेले डोळे उघडले. बरणी तिनं फेकली नाही. हळूच खाली वाळूत ठेवली, हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि दहाही बोटं माझ्यासमोर धरली.

"आजी, ही कोरी आहे," मी म्हटलं. "हिच्यात काहीच नाही."

"काय न्हाय कसा? मंग ठेवली कुठं व्हती ही?"

"आमच्या घरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. कुणी नजर खाली घ्यायची असते तेव्हा घेत नाही ना, तसं. मग म्हणाली, "दुसरीला बोलव."

त्या दिवशी नऊ बायका झाल्या. चौथ्या बरणीला कुणी नऊच्या खाली आलं नाही. ठमी म्हणून एक नवी लग्न झालेली पोर होती. सडक्या बोंबलाला तिनं तीन बोटं दाखवली आणि कोऱ्या बरणीला उठून बांबूच्या दांड्यांमागे जाऊन ओकली.

मला रागच आला. एकीनं केलं की दुसरी करते, हे पुस्तकात असतंच. जवळजवळ बसल्या होत्या, एकमेकींचे हात दिसत होते, आणि म्हातारीनं पहिल्यांदाच नाटक करून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी मी एकेकीला होडीच्या आडोशाला नेलं. कुणाला कुणाचं दिसू दिलं नाही. बरण्यांवरचे आकडे बदलले. तरी तेच. शेवटी अलिबागच्या शिवणक्लासात गेले. तिथं रंगूआजीला कुणी ओळखतही नव्हतं. तिथल्या बाईंनी कोरी बरणी हुंगली आणि मला म्हणाल्या, "अहो, हे घेऊन फिरता कसं तुम्ही? कुणाची परवानगी घेतली आहे का?"

"कशाची परवानगी?"

त्यांनी बरणी लांब सारली. पंखा मोठा केला आणि क्लास सोडून दिला.

४

रत्नपाल सर तळा गावचे. बोलणं सावकाश, पण पकडतात बरोबर तिथंच. माझे आकडे बघून त्यांनी चष्मा काढला.

"ही बरणी कोरी आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"मी हुंगली ना सर."

"कुठं?"

"घरी."

त्यांनी माझी वही माझ्याकडे वळवली. "वासाची सवय या विषयावर तुम्ही प्रबंध लिहिताय. आणि घरात दोन दिवस उघडी ठेवलेली बरणी घरातल्याच नाकानं तपासलीत. बघा, काय चुकलं."

मला कळलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खळ्यावरच्या बायकांबद्दल मी जे पानभर लिहिलं होतं, ते माझ्याच घराबद्दल होतं. आमच्या घरात वास होता. इतका, की सडक्या बोंबलाला एक बोट देणारी बाई त्याला दहा देत होती. आणि मला, साय बघून पेला परत करणाऱ्या मला, तो येत नव्हता.

सरांनी सांगितल्याप्रमाणे दुसरी कोरी बरणी माझी मैत्रीण हेमाली हिच्याकडे तयार केली, अलिबागला तिच्या घरी. ती घेऊन परस्पर खळ्यावर गेले. सगळ्या मुठी. एकीनं तर विचारलं, "ह्यात काय हाय काय न्हाय?"

परत येताना मी हेमालीला म्हटलं, "खरं सांग. माझ्या अंगाला वास येतो?"

ती पिशवीची चेन उघडझाप करत बसली. "तू चिडशील."

"नाही चिडत."

"वर्गात मी तुझ्या उजव्या हाताला बसते ना? वर्षभर. पंखा त्या बाजूनं असतो म्हणून." मग घाईघाईनं, "तुझी आई तेव्हा आजारी होती. मी म्हटलं औषधांचा असेल. नंतर बोलायचं राहून गेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी दोन तास अंग घासलं. चादरी, पडदे, माझे सगळे कपडे उकळत्या पाण्यात घातले. आईनं कौतुकानं मदत केली. बादल्या उचलल्या, पिळे घातले. "आज सूर्य कुठं उगवला?" म्हणाली.

५

मग मी ठरवलं की वास शोधून काढायचा. मला येत नाही ना, मग ज्यांना येतो त्यांच्याकडून. बहुतेक कुठंतरी घूस मेली असणार. आमचं घर गावाच्या टोकाला, मागे बांध आणि त्यापलीकडे खाजण, भरतीचं पाणी शिरणारी खारी दलदल. घुशी येतात. बांधावरून भावकीशी वाद झाल्यापासून गावातलं कुणी आमच्याकडे फिरकत नव्हतं, त्यामुळे सांगणार तरी कोण? निदान मी तरी तेच कारण धरलं होतं.

सहा बरण्या घेतल्या. ओसरी, बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मोरी, माझी खोली, आईबाबांची खोली. दोन दिवस सगळीकडे उघड्या ठेवल्या, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि रंगूआजीपुढे मांडल्या.

"बोटं नकोत," मी म्हटलं. "नुसत्या ओळीनं लाव. कमी वास ते जास्त वास."

आजीनं आधी नको नको केलं. मग माझं तोंड बघून बसली. एकेक बरणी हुंगत तिनं वाळूत रांग लावली, मधली एक उचलून पुढे, एक मागे. शेवटी मी चिठ्ठ्या बघितल्या. ओसरी सगळ्यात कमी. मग मोरी, बाहेरची खोली, माझी खोली, स्वयंपाकघर. सगळ्यात शेवटी आईबाबांची खोली.

घरी येऊन मी ती खोली रिकामी केली. कपाट ओढलं, गादी उन्हात टाकली, माळ्यावरची भांडी उतरवली, फरशी फिनेलनं पुसली. घूस नाही, पाल नाही, ओल नाही. आई दारात उभी राहून हसत होती. "काय हरवलाय तुझा?"

"वास," मी म्हटलं.

"कसला?"

"तोच कळत नाही ना."

ती हसायची थांबली. कपाटाचं दुसरं टोक धरून तिनं ते माझ्याबरोबर जागेवर लावलं.

खोलीत नाही, म्हणजे खोलीतल्या कुणावर तरी. बाबा डंपरवर जातात, काय काय भरतात कुणास ठाऊक. मी तिघांना सारखे कापसाचे बोळे दिले, पातळ फडक्यात बांधून. बाबांच्या बनियनला, माझ्या ओढणीला, आईच्या कमरेला. दिवसभर ठेवायचे. बाबा कुरकुरले. आईनं मुकाट्यानं खोचला.

दुसऱ्या दिवशी ते बोळे तीन बरण्यांत घालून आजीपुढे ठेवले. बाबांच्या बरणीला आजीनं चार बोटं दाखवली. माझ्या बरणीला पाच. मी दात आवळले.

तिसरी तिनं पुरती उचललीही नाही. झाकण अर्धं फिरवलं, लगेच बंद केलं, आणि बसल्या जागेवरून उठली. पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग वाळूत ठेवलेल्या त्या बरणीला तिनं हात जोडले. रस्त्यानं कुणाला तिरडीवरून नेत असले की आपण थांबून जोडतो, तसे.

"हिला कवा नेली?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

"जिचा हाय तिला."

"ती घरी आहे," मी म्हटलं. "माझी आई आहे ती. स्वयंपाक करतेय."

आजीनं चपला घातल्या नाहीत. हातात घेतल्या आणि खळ्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. त्या दिवसानंतर तिनं माझी एकही बरणी हुंगली नाही.

६

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. म्हातारीनं आधीच काहीतरी मनात धरलं होतं, प्रश्न विचारताना माझा चेहरा बोलत होता, आणि माणसं ज्या वासाला घाबरतात तो त्यांना सगळीकडे येतो. वहीत मी असं सगळं लिहून काढलं. आईला मधुमेह असेल, त्यानं घामाला वास येतो, हेही लिहिलं. लिहिताना अक्षर चांगलं आलं होतं.

मग अल्पेशदादाला फोन लावला. दादा मोठा ट्रक चालवतो, महिना दीड महिन्यानं घरी येतो. आला तरी झोपतो ट्रकच्या केबिनमध्ये आणि जेवायला नको म्हणतो, ढाब्यावर झालं सांगतो. आई दर वेळी ताट झाकून ठेवते. मला वाटायचं, मिजास वाढली.

"दादा, आपल्या घरात वास येतो का रे?"

पलीकडे इंजिनाचा आवाज होता. तो बंद झाला.

"तुला आत्ता आला?"

"मला येत नाही. म्हणून विचारते."

"येत न्हाय तर बरंय ना," तो म्हणाला. "कशाला उकरतेस?"

"गेल्या वर्षी श्रावणात आईला दवाखान्यात ठेवली होती, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते?"

"मी खाली गाडीपाशी व्हतो."

"दादा."

"बाबांनी सही केली आणि घेऊन आले. चालत आली ती. मी बघितलंय. जिना उतरून चालत आली आणि गाडीत बसली. मी काच खाली केली. पनवेलपासून घरापर्यंत मी काच खालीच ठेवली व्हती, पाऊस आत येत व्हता तरी. अजून काय विचारू नको."

त्यानं फोन ठेवला. बाहेर आई मला हाका मारत होती. चहा झाला होता. मी गेले आणि तिच्यासमोर बसून चहा प्यायले. चहा नेहमीसारखा होता. आईही नेहमीसारखी होती, थोडी बारीक झालेली, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. मी तिच्या अंगाला नाक लावून मोठा श्वास घेतला. काहीच वास आला नाही.

"काय गो, लाडात आलीस?" ती म्हणाली.

७

रत्नपाल सरांना मी सगळं सांगितलं नाही. घरातल्या वासानं लक्ष लागत नाही, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "मग लिहायला बाहेर राहा. तीन आठवडे घरापासून लांब राहिलात की नाक पुन्हा पहिल्यासारखं होतं. परत गेल्यावर तुम्हालाच कळेल काय ते."

मी हेमालीकडे राहायला गेले. तीन आठवडे आम्ही दोघी तिच्या गच्चीवरच्या खोलीत लिहीत बसलो. हेमालीच्या आईनं केलेलं मी खाल्लं, तिच्या साबणानं आंघोळ केली, तिचेच कपडे घातले. आठव्या की नवव्या दिवशी हेमाली येऊन माझ्या डाव्या बाजूला बसली. ते बघून मला रडू आलं.

आईचा फोन रोज दुपारी यायचा. जेवलीस का, किती पानं झाली, सर काय म्हणाले. आवाज फोनवर नेहमीचाच. मी तिच्याशी बोलताना भिंतीकडे बघत असे.

प्रबंधातून मी माझ्या घरची बरणी काढून टाकली. हेमालीच्या घरची कोरी बरणी धरून सगळ्या बायकांकडून पुन्हा आकडे घेतले. रंगूआजी सोडून. प्रबंध वेळेत गेला, तोंडी परीक्षा बरी झाली. सर म्हणाले, मुंबईच्या अर्जाला माझं शिफारसपत्र तयार आहे, फक्त वडलांची सही आणा.

सही आणायला घरी जायलाच हवं होतं.

८

दुपारचे बारा वाजले होते. रेवसच्या गाडीतून उतरले आणि रस्त्यावरच थांबले. घर अजून शंभर पावलं होतं.

आधी मला वाटलं, खाजणात ढोर मेलं असेल. गोडसर, जाडसर वास, घशाच्या मागच्या बाजूला बसणारा. मी ओढणी नाकाला लावली. पावलागणिक तो वाढत गेला. फाटकापाशी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. याच फाटकातून मी वर्षभर रोज आत जात होते, याच घरात तीन वेळा जेवत होते. माझ्या पोटात जे अन्न गेलं ते याच हवेत शिजलेलं होतं, आणि मी ओट्यावर बसून बोटं चाटली होती. माझी मलाच शिसारी आली.

"आली," आतून आईचा आवाज. "अहो, रुचू आली. पानं घ्या."

मी आत गेले. स्वयंपाकघरात बाबा पाटावर बसले होते. खिडक्या बंद होत्या. माश्या होत्या, पण जवळ्याच्या कालवणावर एकही नव्हती. सगळ्या चुलीच्या बाजूला होत्या, जिथं आई पाठमोरी बसून भाकरी थापत होती.

मी पानावर बसले. काय करणार होते? बाबांनी माझ्या नाकावरच्या ओढणीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

आई वळली. हसली. भाकरी वाढायला तिनं हात पुढे केला, तशा बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकल्या. त्यांच्याबरोबर मनगटाची कातडीही सरकली. मोज्यासारखी, सैल, सुरकुत्या पडत. खाली जे दिसलं ते मी एक क्षणभरच बघितलं. ते ओलं होतं आणि त्याचा रंग माणसाच्या आतला नव्हता. आईनं दुसऱ्या हातानं कातडी खाली ओढून घेतली, पदर सारखा करावा इतक्या सहज, आणि विचारलं, "कालवण घालू?"

"आठ-धा दिस जातील," बाबा पानात बघत म्हणाले. "मना पन तेवढेच लागले. मंग वास येत न्हाय." त्यांनी घास मोडला. "एकटा पडलो असतो गो मी. तुझा शिक्षान पन व्हायचा व्हता."

मी उठले. मागचं दार उघडून बांधाकडे धावले आणि तिथं गवतात ओकले. सकाळचा चहा, काल रात्रीचं, मग नुसतं पिवळं पाणी. थांबेचना. गुडघे टेकले तरी थांबेना.

पाठीवर हात आला. लहानपणापासून उलटी झाली की आई असाच हात फिरवते, वरून खाली, सावकाश. कुडत्यातून मला त्या हाताचा ओलावा लागला. आणि मी अंग चोरलं. मला तसं करायचं नव्हतं. माझी आई होती ती, मी मुंबईला जावं म्हणून बाबांशी चार दिवस न बोललेली. पण माझं अंग माझं ऐकेना. मी सरपटत बाजूला झाले आणि म्हणाले, "नको. हात लावू नको."

हात निघाला.

समुद्राकडून वारा येत होता. तिनं एकदा झाडांकडे बघून त्याचा अंदाज घेतला आणि माझ्याभोवती लांबून वळसा घालून पलीकडच्या अंगाला जाऊन उभी राहिली. आता वारा माझ्याकडून तिच्याकडे जात होता. वास कमी झाला. मला श्वास घेता यायला लागला.

"सही मी घेते त्यांच्याकडून," ती म्हणाली. "तू जा मुंबैला. शीक."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. गवताकडे बघत म्हटलं, "आई, तुला माहीत होतं?"

"मना कसा म्हाईत न्हाय होनार?" तिनं हात पदराखाली घेतले. "तुझी परीक्षा व्हती. म्हटलं, पोरीचा एवढा तरी होऊ दे."

बांधापलीकडे कुणाचा तरी रेडिओ लागला होता. ती म्हणाली, "सुट्टीला येशील तवा एक फोन कर आधी. मी खिडक्या उघडून ठेवीन. आणि तू हायस तवर ओसरीवर बसेन."

मी हो म्हटलं. नाकावरची ओढणी मला काढवली नाही.